धरणात मासे किती?

अकबर-बिरबलाची ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. बादशहा विचारतो, "बिरबल, आपल्या नगरीत कावळे किती?" बिरबल लगेच एक आकडा ठोकून देतो. वर सांगतो, खुशाल मोजून बघा! जास्त भरले तर बाहेरगावचे पाहुणे आलेत समजा, कमी भरले तर आपले कावळे पाहुणचाराला गेलेत समजा. बादशहा खूश, दरबार खूश. आपणही लहानपणी हसलो आणि विसरून गेलो.

पण मित्रांनो, आता आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा हा प्रश्न जरा सीरियसली घेऊ. कावळे निदान डोळ्यांना दिसतात. आपल्या मुळा धरणात मासे किती, असं कोणी विचारलं तर? पाणी गढूळ, मासे एका जागी थांबत नाहीत, आणि मोजण्यासाठी धरण रिकामं करायची सोय नाही. तरीही हा आकडा काढता येतो. त्यासाठी लागणारं बरंचसं गणित आणि फिजिक्स आपण फर्स्ट इयरपासून शिकत आलोय. ते कसं, हे सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न.

आकडा हवाय कशाला?

नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) म्हटलं की बाहेरच्यांना दुष्काळ आणि टँकर एवढंच आठवतं. पण जरा नकाशा उघडून बघा. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेलं, ११ टीएमसीचं भंडारदरा धरण आहे. त्याच्या खाली निळवंडे. राहुरीजवळ बारागाव नांदूरला २६ टीएमसीचं मुळा धरण. पूर्वेला नेवासा-शेवगावपर्यंत पसरलेलं जायकवाडीचं बॅकवॉटर, म्हणजे आपला नाथसागर. दक्षिणेला श्रीगोंदा-कर्जतला टेकलेलं उजनीचं बॅकवॉटर. शिवाय गावोगावचे पाझर तलाव वेगळेच.

पावसाळा सुरू झाला की या धरणांत आज किती दलघफू पाणी आलं, हे रोज पेपरात छापून येतं. शेतकरी, कारखानदार, पुढारी सगळे तो आकडा तोंडपाठ सांगतात. पण त्या पाण्यात मासे किती, हा आकडा कुठल्या पेपरात वाचलाय? ज्या घरची चूल मासळीवर पेटते, त्या घराला मात्र हाच आकडा हवा असतो.

होतं असं. धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. संस्था ठेक्याची रक्कम भरते, आणि पावसाळ्यात 'बोटुकली' विकत घेऊन पाण्यात सोडते. बोटुकली म्हणजे माशाचं बोटाएवढं पिल्लू. (किती गोड शब्द आहे ना!) हे दरवर्षी का करावं लागतं? कारण कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांमधले मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं. तेव्हापासून हे बीज हॅचरीत तयार होऊ लागलं आणि आपल्या दख्खनच्या धरणांपर्यंत पोहोचलं.

आता प्रश्न असा, की समजा संस्थेनं जुलैत पाच लाख बोटुकली सोडली. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली किती उरली? काही मरळीनं खाल्ली असतील, काही सांडव्यावरून वाहून गेली असतील. पण किती? हे माहीत नसेल तर दोन्हीकडून पंचाईत. मासे कमी असताना जोरात मासेमारी केली, तर पुढच्या वर्षी जाळी रिकामी. मासे भरपूर असताना हात आखडता घेतला, तर हक्काचं उत्पन्न बुडालं. आणि बोटुकली जगतच नसतील, तर दरवर्षीचे पैसे अक्षरशः पाण्यात!

आपल्या देशाचं चित्रही याबाबतीत फार भारी नाही. व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी भारतातल्या जलाशयांवर एक अहवाल लिहिला होता. त्यानुसार लहान जलाशयांतून हेक्टरी वर्षाला साधारण ५० किलो मासळी मिळत होती, तर मध्यम आणि मोठ्या जलाशयांतून जेमतेम ११-१२ किलो. मोठ्या पाण्यात मासेच कमी असतात, की ते आपल्याला सापडत नाहीत? मोजल्याशिवाय कसं कळणार?

पद्धत पहिली : खूण करा, सोडा, पुन्हा पकडा

शितावरून भाताची परीक्षा, असं आपल्याकडे म्हणतात. (आपल्या मेसमध्ये तर एका शितावरूनच सगळं कळतं.) स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत यालाच सँपलिंग म्हणतात. लाप्लास हे नाव ट्रान्सफॉर्ममुळे आपल्या सर्वांच्या स्वप्नात येतं. त्याच लाप्लासनं १८०२ साली घरोघरी शिरगणती न करता, काही भागातल्या जन्मांच्या नोंदी आणि लोकसंख्या यांच्या प्रमाणावरून फ्रान्सची लोकसंख्या काढली होती. डेन्मार्कच्या पीटरसन या शास्त्रज्ञानं १८९६ च्या सुमारास माशांना खुणा करून सोडलं. पुढे १९३० मध्ये अमेरिकेत लिंकननं हीच युक्ती रानबदकांसाठी वापरली.

युक्ती अगदी साधी आहे. एखाद्या पाझर तलावात जाळं टाकून २०० मासे पकडले. प्रत्येकाच्या पराचा एक छोटा तुकडा कापून किंवा बिल्ला लावून त्यांना परत सोडलं. काही दिवस जाऊ दिले, म्हणजे ते बाकीच्यांत नीट मिसळतील. मग पुन्हा जाळं टाकलं. या वेळी १५० मासे मिळाले, त्यातले १२ खुणेचे निघाले. म्हणजे जाळ्यात खुणेच्या माशांचं प्रमाण १५० ला १२. तलावातही तेच प्रमाण धरलं तर :

एकूण मासे = (२०० × १५०) ÷ १२ = २५००

झालं उत्तर! पण थांबा. खुणेचे १२ ऐवजी ८ सापडले असते, तर उत्तर ३७५० आलं असतं. १६ सापडले असते तर १८७५. दोन-चार माशांच्या नशिबानं उत्तर निम्मं-दुप्पट होतं. म्हणून खुणेचे मासे पुरेसे सापडले पाहिजेत, आणि उत्तर सांगताना एकच आकडा न सांगता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं सांगायला हवं. सँपल लहान असताना ही पद्धत थोडं जास्त उत्तर देते, म्हणून चॅपमनचं सुधारित सूत्र वापरतात. त्यात तिन्ही आकड्यांत एक-एक मिळवायचा आणि शेवटी उत्तरातून एक वजा करायचा. आपल्या उदाहरणात उत्तर २५०० वरून साधारण २३३४ वर येतं.

विश्वास बसत नसेल तर रूमवर करून बघा. एका डब्यात हरभरे घ्या, मोजू नका. त्यातले मूठभर काढून मोजा, मार्करनं ठिपके द्या, परत टाका, डबा चांगला हलवा आणि पुन्हा एक मूठ काढा. सूत्र लावा आणि मग सगळे हरभरे मोजून ताडून बघा. दहा वेळा केलंत तर दहा वेगळी उत्तरं येतील, पण ती खऱ्या आकड्याच्या भोवतीच घुटमळतील. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय, हे असं कळलं की विसरत नाही.

हरभरे आणि मासे यांत फरक एवढाच, की हरभरे डब्यातून पळून जात नाहीत. इथे बिरबल पुन्हा आठवतो! त्याचे ते 'पाहुणे आले, पाहुणचाराला गेले' हे या पद्धतीचं सगळ्यात नाजूक गृहीतक आहे. दोन जाळ्यांच्या मधल्या काळात पाण्यात कोणी नवीन आलेलं नसावं आणि कोणी गेलेलं नसावं. बंद पाझर तलावात हे जमून जातं. पण मोठ्या धरणाचं काय? २०२३ च्या नोव्हेंबरात नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडलं गेलं. त्यावरून किती राजकारण झालं ते सर्वांनी वाचलंच. पाण्याचा हिशोब टीएमसीत झाला, पण पाण्याबरोबर जे मासे खाली जातात त्यांचा हिशोब कोण ठेवणार?

आणखीही अटी आहेत. खूण गळून पडता कामा नये, नाहीतर खुणेचे मासे कमी दिसतील आणि उत्तर फुगेल. खूण केलेला मासा त्या धक्क्यानं मरता कामा नये, तिथेही उत्तर फुगतंच. आणि एकदा जाळ्यात सापडलेला मासा दुसऱ्यांदा शहाणा होऊन जाळं टाळायला लागला, तर तीच गत. मासे काही आपल्यासारखे नसतात, एकदा के.टी. लागली तरी दुसऱ्यांदा तिथेच जाऊन अडकणारे!

जाळं काय सांगतं आणि काय लपवतं

आता थोडं जाळ्यांबद्दल. धरणात जास्त करून वापरतात ते उभं, पडद्यासारखं जाळं. वर तरंगणारे फ्लोट, खाली वजन, मध्ये नायलॉनची भिंत. मासा त्यातून पलीकडे जायला बघतो, डोकं आत जातं, अंग जात नाही. मागे यायला बघितलं की कल्ल्यात दोरा अडकतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे कल्ला म्हणजे होस्टेलमध्ये रात्री बारानंतर जो होतो तो, एवढंच मला माहीत होतं. माशाच्या श्वासाच्या अवयवालाही कल्ला म्हणतात, हे या लेखाच्या निमित्तानं कळलं.

जाळ्याच्या एका घराचं जे माप असतं, त्याला आस म्हणतात. गंमत अशी, की एका आसाचं जाळं ठरावीक जाडीचेच मासे पकडतं. त्याहून लहान मासा आरपार निघून जातो, त्याहून मोठ्याचं डोकंच आत जात नाही. म्हणजे जाळं हा एक बँडपास फिल्टर आहे! आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे लगेच पटेल. फक्त मोठ्या आसाचं जाळं टाकून कोणी म्हणालं, "या धरणात सगळे दोन-दोन किलोचेच मासे आहेत", तर तो फिल्टरचा आऊटपुट बघून इनपुटबद्दल बोलतोय.

यावर उपाय म्हणजे फिल्टर बँक. युरोपात तलावांच्या तपासणीसाठी २००५ साली एक प्रमाणित जाळं ठरवलं गेलं. ३० मीटर लांब, दीड मीटर उंच, आणि त्यात ५ मि.मी. पासून ५५ मि.मी. पर्यंतच्या १२ वेगवेगळ्या आसांचे अडीच-अडीच मीटरचे तुकडे शेजारी-शेजारी जोडलेले. प्रत्येक आस आधीच्या साधारण सव्वापट, म्हणजे चक्क जॉमेट्रिक प्रोग्रेशन. कुठलाच मासा फार लहान किंवा फार मोठा म्हणून सुटू नये, हा हेतू. तिथले मासे आपल्या कटल्याएवढे मोठे नसतात. आपल्याकडे असं जाळं करायचं तर मोठे आस वाढवावे लागतील.

जाळ्यावरून एकूण संख्या काढायची अजून एक पद्धत आहे, आणि ती तर मच्छीमार न शिकताही मनातल्या मनात वापरतात. रोज तेवढीच जाळी, तेवढाच वेळ. पहिल्या दिवशी २०० मासे, दुसऱ्या दिवशी १६०, तिसऱ्या दिवशी १२८. मासळी घटतेय, म्हणजे साठा संपतोय. ग्राफ पेपरवर आडव्या अक्षावर आतापर्यंत काढलेले एकूण मासे घ्या : ०, २००, ३६०. उभ्या अक्षावर त्या दिवशीची पकड घ्या : २००, १६०, १२८. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत येतात. ती रेषा खाली वाढवली की आडव्या अक्षाला १००० वर मिळते. म्हणजे सुरुवातीला १००० मासे होते आणि आपण रोज उरलेल्यातले २० टक्के काढत होतो. १९३९ साली लेस्ली आणि डेव्हिस यांनी ही पद्धत मांडली, तीही उंदरांसाठी! लहान तळ्यात ती चालते. पण मुळासारख्या धरणात दोन-चार दिवसांची मासेमारी म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी काढल्यासारखं. रेषा खाली झुकतच नाही.

थोडक्यात, जाळं सांगतं 'कोण आहे'. 'किती आहेत' हे मोठ्या पाण्यात त्याला सांगता येत नाही.

सोनार, पण दागिने घडवणारा नव्हे!

आता वळूया सोनारकडे. सोनारानंच कान टोचावेत अशी म्हण आहे. इथला सोनार मात्र स्वतःच पाण्याला कान लावून ऐकतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हँ यांनी क्वार्ट्झचा स्फटिक वापरून अल्ट्रासाऊंड पाण्यात सोडला. तिथून हे तंत्र सुरू झालं. १९३५ साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन बेटांजवळच्या कॉड माशांचे थवे इको साउंडरच्या कागदावर उमटलेले 'नेचर' या नियतकालिकात छापले. युद्धाचं हत्यार मासेमारीच्या कामी आलं.

तत्त्व रडारसारखंच, फक्त रेडिओ लहरींच्या जागी आवाज. कारण पाण्यात रेडिओ लहरी लगेच मरतात, आवाज मात्र हवेपेक्षा चौपट वेगानं पळतो, सेकंदाला साधारण १५०० मीटर. बोटीखाली ट्रान्सड्यूसर लावायचा, तो खाली तोंड करून एक छोटा 'पिंग' सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समजा प्रतिध्वनी २० मिलिसेकंदांनी आला. जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ती वस्तू १५ मीटर खोल आहे. २०० किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी घेतली तर तरंगलांबी साडेसात मिलिमीटर. पिंग एक मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाएवढा ठेवला, तर एकाखाली एक साडेसात सेंटिमीटरवर असलेले दोन मासे वेगळे दिसू शकतात.

पण माशावरून आवाज परत येतो तरी का? माशाचं मांस घनतेनं जवळजवळ पाण्यासारखंच, त्यामुळे आवाजाला ते फारसं जाणवत नाही. जाणवते ती माशाच्या पोटातली हवेची पिशवी, म्हणजे वाताशय. शाळेत आपण वाचलं होतं, मासा तिच्या मदतीनं पाण्यात वर-खाली होतो. पाणी आणि हवा यांच्या अकूस्टिक इम्पीडन्समध्ये साडेतीन हजार पटींचा फरक असतो. ट्रान्समिशन लाइनमध्ये मिसमॅच झाला की सिग्नल परत येतो ना, अगदी तेच! परत येणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्के किंवा त्याहून जास्त या पिशवीमुळेच असते. म्हणून वाताशय नसलेला शार्क सोनारवर त्याच्या आकाराच्या मानानं फिका दिसतो.

माशाकडून किती आवाज परत येतो हे डेसिबलमध्ये मोजतात. वीतभराहून थोड्या मोठ्या, २५ सेंटिमीटरच्या माशासाठी हा आकडा उणे ४० डेसिबलच्या आसपास येतो, म्हणजे दहा हजारांतला एक भाग. लांबी दुप्पट झाली की साधारण ६ डेसिबल वाढतात, म्हणजे चौपट. त्यामुळे प्रतिध्वनीच्या जोरावरून माशाच्या लांबीचा अंदाज बांधता येतो. मशीन खरं बोलतंय ना, हे तपासायला त्याच्याखाली टंगस्टन कार्बाइडची ३८.१ मि.मी. व्यासाची गोळी दोऱ्यानं लटकवतात. तिचा प्रतिध्वनी किती यायला हवा ते आधीच माहीत असतं. लॅबमध्ये आपण सी.आर.ओ. कॅलिब्रेट करतो तसंच.

मग बोट जलाशयावर नागमोडी किंवा समांतर रेषांत चालवायची. मासे विरळ असतील तर एकेक प्रतिध्वनी मोजायचा. थवा दाट असेल तर प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. तेव्हा सगळी ऊर्जा बेरजेत घ्यायची, म्हणजे इंटिग्रेट करायची, आणि तिला एका माशाच्या ऊर्जेनं भागायचं. बोट किती फिरवायची यालाही एक ठोकताळा आहे. कापलेलं अंतर भागिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ हा आकडा जितका मोठा तितका अंदाज पक्का, आणि तो ६ च्या आसपास असला तर बरं मानतात. म्हणजे १० चौरस किलोमीटरच्या पाण्यासाठी साधारण १९ किलोमीटर. हे काम शक्यतो रात्री करतात, कारण दिवसा थव्यात किंवा आडोशाला राहणारे बरेच मासे रात्री पसरून मोकळ्या पाण्यात येतात.

आपल्या धरणात सोनार कुठे फसतो?

इथपर्यंत वाचून वाटेल, मग सोनार लावला की काम फत्ते! पण तसं नाही.

पहिली अडचण उथळ पाण्याची. सोनारचा झोत शंकूसारखा असतो. ७ अंशांचा झोत १० मीटर खोलीवर सव्वा मीटर रुंद असतो, पण २ मीटरवर फक्त २४ सेंटिमीटर. भंडारदऱ्यासारख्या डोंगरातल्या खोल जलाशयात सोनारला भरपूर वाव आहे. नाथसागर किंवा उजनीच्या पसरट बॅकवॉटरमध्ये मैलोन्मैल पाणी पुरुषभरसुद्धा नसतं. तिथे झोत म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्नाचा हॉल बघण्यासारखं.

दुसरी अडचण चिलापीची. मूळचा आफ्रिकेतला हा तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज उजनीची तर ती ओळखच झालीय. चिलापी काठालगतच्या उथळ पाण्यात घरटी करते. म्हणजे बरोबर तिथे, जिथे बोट जात नाही! तळाला चिकटून राहणारे मासेही निसटतात, कारण तळाच्या मोठ्या प्रतिध्वनीत त्यांचा लहान आवाज बुडून जातो.

तिसरी, बुडालेल्या बाभळी, जुन्या गावांच्या भिंती आणि गाळातून वर येणारे मिथेनचे बुडबुडे. बुडबुडा म्हणजे नुसती हवा, त्यामुळे तो सोनारवर झकास मासा दिसतो. मासा आडवा फिरतो आणि बुडबुडा सरळ वर जातो, यावरून जाणकार ते ओळखतात.

चौथी अडचण आपली खास महाराष्ट्री. आपल्या धरणांतलं पाणी वर्षभर सारखं नसतं. २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यात गेला होता. मासे तेवढेच आणि पाणी कमी झालं, तर घनमीटरमागे मासे वाढल्यासारखे दिसतात. म्हणून माशांबरोबर त्या दिवशीची पाणीपातळी लिहिणं सक्तीचं. यासाठी तळाचा ताजा नकाशाही लागतो. गाळाच्या सर्वेक्षणासाठी बोटीवर इको साउंडर लावून जलाशयाची खोली मोजण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे 'मेरी'त, गाळाच्या सर्वेक्षणाचं काम चालतं. म्हणजे सोनार आपल्या धरणांना अगदीच अनोळखी नाही. फक्त आजवर त्याला तळ विचारला गेला, मासे नाही!

आणि सगळ्यात मोठी अडचण. सोनारला मासा दिसतो, पण त्याचं नाव कळत नाही. तेवढ्याच लांबीचा रोहू आणि तेवढ्याच लांबीचा मृगळ, त्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच ठिपके.

जोडी जमली पाहिजे

म्हणून सोनार आणि जाळं ही जोडी एकत्रच कामाला लावावी लागते. समजा १००० हेक्टरच्या खोल भागात सोनारनं हेक्टरी १०० मासे दाखवले, म्हणजे एकूण एक लाख. त्याच रात्री त्याच भागात सगळ्या आसांची जाळी टाकली. शंभर माशांत ३० कटला निघाले, सरासरी २ किलोचे. २० रोहू, सरासरी १ किलोचे. आणि ५० लहान मासे, सरासरी १०० ग्रॅमचे. आता हिशोब मांडा. कटला ३० हजार, म्हणजे ६० टन. रोहू २० हजार, म्हणजे २० टन. लहान मासे ५० हजार, म्हणजे ५ टन. एकूण ८५ टन.

आता हीच जाळी फक्त मोठ्या आसाची असती, तर काय झालं असतं? जाळ्यात जवळजवळ सगळे कटलेच आले असते, आणि आपण एक लाख गुणिले २ किलो करून २०० टन सांगून मोकळे झालो असतो. सोनार तोच, बोट तीच, पण फक्त जाळ्याच्या घरांमुळे सव्वादोन पटीहून जास्त चूक! त्या आकड्यावर विसंबून संस्थेनं ठेक्याची बोली लावली, तर ते कर्ज कोण फेडणार? उलट सोनार नसेल आणि फक्त जाळं असेल, तर टक्केवारी बरोबर मिळेल, पण टक्के कशाचे काढायचे हेच कळणार नाही. काठाचा उथळ भाग तर शेवटी जाळ्यानंच आणि खुणा करूनच मोजावा लागतो.

आणि या जोडीत तिसरा जोडीदार घ्यायलाच हवा, तो म्हणजे स्थानिक मच्छीमार. ट्रकच्या ट्यूबवर बसून पहाटे अंधारात जाळं ओढणाऱ्या माणसाला धरणातला कुठला खड्डा उन्हाळ्यात आटत नाही, कुठे बाभळीचं रान बुडालंय आणि वारा कुठून आला की मासा कुठे सरकतो, हे ठाऊक असतं. बोटीच्या रेषा नकाशावर आखण्याआधी त्याच्याशी तासभर बोललं तर डिझेलही वाचेल आणि आकडाही सुधारेल. शिवाय रोजची पकड, जाळ्यांची संख्या आणि आस एवढं एका साध्या वहीत संस्थेनं लिहून ठेवलं, तर दोन-तीन वर्षांत तो डेटा कुठल्याही महागड्या मशीनच्या तोडीचा होईल.

आपण काय करू शकतो?

शास्त्रीय दर्जाचा सोनार महाग असतो. पण मासेमारीच्या छंदासाठी मिळणारे साधे फिश-फाइंडर त्यामानानं बरेच स्वस्त असतात. ते थेट माशांची संख्या देत नाहीत, पण खोली, तळ आणि ठिपके दाखवतात. बी.ई. च्या प्रोजेक्टसाठी आपण दरवर्षी तेच ते लाइन फॉलोअर रोबो आणि ट्रॅफिक सिग्नल करतो. त्यापेक्षा असं करता येईल : ई अँड टीसीवाल्यांनी ट्रान्सड्यूसरचा सिग्नल रेकॉर्ड करावा, कॉम्प्युटरवाल्यांनी त्यातून बुडबुडे वेगळे काढण्याचा प्रोग्रॅम लिहावा, सिव्हिलवाल्यांनी जीपीएस लावून एखाद्या पाझर तलावाच्या तळाचा नकाशा करावा, आणि मेकॅनिकलवाल्यांनी ते सगळं उचलणारी छोटी बोट बांधावी. जवळच्या एखाद्या मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन एका लहान तलावात खुणांची पद्धत आणि सोनार दोन्ही लावून उत्तरं जुळतात का बघावं. नाही जुळली तर का नाही जुळली, हे शोधण्यातच खरं इंजिनिअरिंग आहे. सरांनी आणि मॅडमनी मनावर घेतलं तर हे नक्की होईल, अशी आमची नम्र विनंती!

बिरबलाला आकडा सांगून सुटका करून घेता आली, कारण कावळ्यांच्या संख्येवर दरबारातल्या कोणाचंही पोट अवलंबून नव्हतं. धरणातल्या माशांचं तसं नाही. तिथे आकडा चुकला तर कोणाच्या तरी घरचं वर्ष चुकतं. पाणी दलघफूपर्यंत मोजणाऱ्या आपल्या जिल्ह्यानं एक दिवस पाण्यातले मासेही मोजावेत, आणि ते मोजणाऱ्या बोटीत आपल्या कॉलेजचं कोणीतरी बसलेलं असावं, एवढीच इच्छा.

पाहा, विचार करून!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन